ज्वारीच्या पाकिटावर ‘ग्लूटेन फ्री’ कधी छापायचं?



काही सभासदांनी विचारलं, "ज्वारीत ग्लूटेन नसतंच, मग आपल्या पिठाच्या पाकिटावर तसं छापायला काय हरकत?" प्रश्न रास्त आहे. उत्तर शेवटपर्यंत वाचा.

*ग्लूटेन म्हणजे काय?* गव्हातलं चिकट प्रथिन. कणीक ताणली जाते ती यामुळेच. गहू आणि जव यांत ते असतं. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदळात नसतं.

*कोणाला त्रास?* सिलिअॅक आजार असलेल्यांना. ग्लूटेन पोटात गेलं की लहान आतड्याला इजा होते, लहान मुलांची वाढ खुंटते. आयुष्यभराचं पथ्य हाच उपाय. अशा लेकराची आई दुकानात फक्त लेबल वाचून पाकीट उचलते.

*नियम:* एफएसएसएआयनुसार ‘ग्लूटेन फ्री’ मालात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही.

*हिशेब करा:* गव्हाचा एक दाणा साधारण ४० मिलिग्रॅम. त्यात ग्लूटेन अंदाजे ३ ते ४ मिलिग्रॅम. म्हणजे किलोभर ज्वारीत गव्हाचे पाच-सहा दाणे दळले गेले तरी मर्यादा संपली!

*हे दाणे येतात कुठून?*
▪️ गहू काढलेलं मळणीयंत्र तसंच ज्वारीला लावलं
▪️ गव्हाचं जुनं बारदान
▪️ खळ्यावर, गोदामात शेजारी-शेजारी ढीग
▪️ चक्की. "ज्वारीवर ज्वारीच टाका" असं आपण घरच्या दळणाला सांगतो, पण जात्यात आधीचं पीठ राहतंच

*आपण काय करायचं?*
✅ मळणीयंत्र आधी रिकामं फिरवून, झाडून घ्या. ज्वारीचं पहिलं पोतं वेगळं ठेवा, ते घरी वापरा
✅ नवीन किंवा फक्त ज्वारीचंच बारदान वापरा
✅ माल देताना गव्हाचा संपर्क आला असेल तर स्पष्ट सांगा. माल परत पाठवणार नाही, साध्या पिठात घेऊ

वेगळी चक्की आणि प्रयोगशाळेचा रिपोर्ट हातात येईपर्यंत पाकिटावर ‘ज्वारी पीठ’ एवढंच राहील. सोबत ‘यात गव्हाचा अंश असू शकतो’ हेही छापू. याने दोन गिऱ्हाइकं कमी होतील, पण खोट्या लेबलामुळे एखादं लेकरू आजारी पडलं तर आपल्या सगळ्यांचंच नाव जाईल.

*जाता जाता:* घरात कोणाला हे पथ्य असेल तर हिंग, सातूचं पीठ, मल्टिग्रेन आटा यांची लेबलं नक्की वाचा. यांत बहुतेक वेळा गहू असतो.

शंका असेल तर याच नंबरवर व्हॉइस मेसेज टाका.
– आपला कृषी सल्लागार