स्लोचा स्क्रू शेवटी

अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर इंजिन ज्या गतीने चालू राहते, त्याला गॅरेजात ‘स्लो’ म्हणतात. मारुती ८०० किंवा प्रीमियर पद्मिनीसारख्या कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत ही गती मिनिटाला साधारण ८०० ते ९०० फेऱ्यांची असते. ती घसरली की गाडी सिग्नलला थरथरते, हेडलाइट मंदावतात आणि हिरवा दिवा लागेपर्यंत इंजिन बंद पडते. तीन सिलिंडरच्या मारुती ८००ला थोडी थरथर जन्मजातच आहे. ती बिघाडात धरू नये.

अशा वेळी बहुतेक जण पहिला हात घालतात तो स्लोच्या स्क्रूला. तो आवळला की गाडी बंद पडायची थांबते, पण मूळ दोष तसाच राहतो आणि पेट्रोल जास्त जाऊ लागते.

तपासणी हवेपासून सुरू करावी. स्लोवर थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते आणि तिच्यापुढे मॅनिफोल्डमध्ये जोरदार ओढ असते. तडकलेली रबरी नळी किंवा कार्ब्युरेटरखालचे गळके पॅकिंग याच ओढीने जादा हवा आत घेते, आणि एका भाग पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा हे प्रमाण बिघडते. वेगात ही चोरटी हवा किरकोळ ठरते. म्हणून हायवेवर सुरळीत धावणारी गाडी सिग्नलला मान टाकते. सांध्यांवर साबणाचे पाणी शिंपडावे. इंजिनाचा आवाज बदलला, तर गळती तिथेच आहे. पेट्रोल शिंपडण्याची युक्ती काही मेकॅनिक वापरतात. गरम इंजिनावर ती सरळ आगीला आमंत्रण आहे.

नंतर स्पार्क. पॉइंटवाल्या गाडीत चालू इंजिनावर प्लगची एकेक वायर इन्सुलेटेड पकडीने क्षणभर काढून पाहतात. वायरमध्ये हजारो व्होल्ट असतात, त्यामुळे हे काम जाणकारानेच करावे. इलेक्ट्रॉनिक इग्निशनवर तर करूच नये. जी वायर काढूनही इंजिनाच्या चालीत फरक पडत नाही, तोच सिलिंडर मिस मारतो आहे. त्याचा प्लग खोलावा. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, तेलकट काळेपणा म्हणजे आत ऑइल येते आहे, पांढरटपणा म्हणजे हवा जास्त. नवा प्लग टाकूनही तोच सिलिंडर मेलेला राहिला, तर कॉम्प्रेशन मोजावे. व्हॉल्व्ह जळला असेल, तर कोणतेही ट्यूनिंग कामाचे नाही; हेड उतरवावेच लागते.

कॉम्प्रेशन ठीक असेल, तर संशय स्लो जेटवर येतो. त्याचे भोक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचे. महिनोन्‌महिने उभ्या गाडीत पेट्रोल आटून त्यात चिकट थर बसतो. जेट कार्ब्युरेटर क्लीनरने आणि हवेच्या झोताने साफ करावे. तारेने टोकरले तर भोक मोठे होते आणि मग जेट बदलण्यावाचून गत्यंतर नसते. हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुन्या रबरी नळ्या लवकर खराब होतात. जेट साफ करताना त्याही पाहून घ्याव्यात.

हे सगळे झाल्यावर, इंजिन गरम आणि चोक पूर्ण उघडा असताना स्क्रूला हात लावावा. आधी मिक्श्चरचा स्क्रू फिरवून इंजिन सर्वांत मोकळे चालेल ती जागा शोधावी, मग स्लोच्या स्क्रूने गती बसवावी. अशा जुन्या पेट्रोल गाडीची पीयूसी तपासणी स्लोवरच होते. त्यामुळे हे काम प्रमाणपत्राची मुदत संपण्याआधी उरकून घ्यावे.