पहाऱ्यावरची नजर का थकते?

रात्रीचे तीन वाजले आहेत. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात बोटी विकणाऱ्या एका दुकानाचे आवार डोळ्यांसमोर आणा. या एका राज्यात सुमारे दहा लाख नोंदणीकृत बोटी आहेत, अमेरिकेत सर्वाधिक. त्यामुळे अशी आवारे तिथे जागोजागी दिसतात. मोटारी काचेच्या शोरूममध्ये ठेवता येतात, बोटी बहुतेक उघड्यावरच उभ्या असतात. पुढे हमरस्ता, मागे बऱ्याचदा खाडी किंवा कालवा आणि भोवती जाळीचे कुंपण.

चोराला याहून सोयीची जागा कोणती? बोट आधीच ट्रेलरवर चढवलेली असते. तो ट्रेलर आपल्या गाडीला जोडला की काम झाले. कित्येकदा चोर बोटीला हातही लावत नाहीत, तिच्या मागे बसवलेले आउटबोर्ड इंजिनच उतरवून नेतात. दीडशे अश्वशक्तीचे इंजिन दोनशे किलोच्या पुढे भरते. पण ते मोजक्याच बोल्टांवर बसवलेले असते आणि वायरी व इंधनाची नळी कापायला सराईत हातांना फार वेळ लागत नाही. मोठ्या इंजिनाची किंमत वीस-पंचवीस हजार डॉलरच्या घरात जाते. नोव्हेंबर १९७२ पासून अमेरिकेत प्रत्येक नव्या बोटीच्या सांगाड्यावर १२ अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक असतो, इंजिनावरही क्रमांक असतो. मात्र हे क्रमांक उपयोगी पडतात ते माल सापडल्यावर. चोरी थांबवायची तर कोणीतरी जागे असायला हवे. खरी अडचण इथेच सुरू होते.

पहाटेची पेंग

आपल्या मेंदूत सुमारे २० हजार चेतापेशींचा एक छोटा पुंज शरीराचे घड्याळ चालवतो. पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान हे घड्याळ शरीराचे तापमान सर्वांत खाली आणते, प्रतिसाद मंदावतात आणि झोपेची ओढ सर्वाधिक असते. रखवालदार त्या वेळी पेंगतो तो आळशी म्हणून नव्हे. त्याचे शरीर ठरल्याप्रमाणेच वागत असते. वर्षानुवर्षांच्या रात्रपाळीची किंमतही त्यालाच मोजावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये रात्रपाळीचा समावेश ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ गटात केला आणि २०१९ मध्ये तो निष्कर्ष कायम ठेवला.

मग कॅमेरे लावले आणि पडद्यांसमोर एक माणूस बसवला तर? याचे उत्तर दुसऱ्या महायुद्धाने दिले आहे. रडारवर शत्रूच्या पाणबुड्या शोधणारे ब्रिटिश हवाई दलाचे जवान काही वेळाने पडद्यावरच्या स्पष्ट खुणाही हुकवू लागले, तेव्हा केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी एक साधा प्रयोग केला. घड्याळासारख्या तबकडीवर काटा दर सेकंदाला एक घर पुढे सरके, क्वचित मध्येच दोन घरे उडी मारी. समोर एकटे बसून ती दुहेरी उडी तेवढी टिपायची. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की पहिल्या अर्ध्या तासानंतरच अचूकता १० ते १५ टक्क्यांनी घसरते. माणसे अर्ध्या-अर्ध्या तासाने बदलली, तर मात्र लक्ष टिकते.

दुसरी गोची २००५ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेरेमी वुल्फ व सहकाऱ्यांनी दाखवली. चित्रात लपलेली वस्तू निम्म्या वेळा असेल, तर लोक ती सुमारे ७ टक्के वेळा हुकवतात. तीच वस्तू शंभरातून एकदाच असेल, तर हुकण्याचे प्रमाण ३० टक्क्यांवर जाते. जे क्वचितच दिसते, ते डोळ्यांपुढे आले तरी नजरेतून निसटते. बोटींच्या आवारात चोर महिनोन्‌महिने फिरकत नाही, मग पडद्यासमोरच्या माणसाने काय करावे?

यंत्र चाळते, माणूस ठरवतो

दूरस्थ व्हिडिओ पहारा या पद्धतीने या प्रश्नाची मांडणीच बदलली. इथे माणूस सतत पडद्याकडे पाहत नाही. सतत पाहण्याचे काम यंत्राकडे असते. औष्णिक कॅमेरे ८ ते १४ मायक्रोमीटर तरंगलांबीचे अवरक्त किरण टिपतात. अंगातून बाहेर पडणारी उष्णता याच पट्ट्यात असल्याने मिट्ट काळोखातही माणूस उठून दिसतो. साध्या कॅमेऱ्याच्या चित्रातली हालचाल माणसाची, वाहनाची की मांजराची, हे संगणक प्रणाली ताडते. संशय आला, की तेवढीच काही सेकंदांची चित्रफीत शेकडो मैलांवरच्या नियंत्रण कक्षात कर्मचाऱ्यासमोर येते. तो पाहतो, ठरवतो आणि आवारातल्या ध्वनिक्षेपकावरून बोलतो, ‘निळे जाकीट घातलेले गृहस्थ, तुम्ही बंद आवारात आहात, पोलिसांना कळवले आहे.’ आपल्या कपड्यांचा रंग कानावर पडला, की ही रेकॉर्ड केलेली धमकी नाही हे चोराला उमगते.

माणसाने खात्री करण्याला आणखी एक कारण आहे. अमेरिकेत पोलिसांकडे येणाऱ्या घरफोडीच्या धोक्याच्या घंटांपैकी दहातल्या नऊहून अधिक खोट्या निघतात. ‘लांडगा आला रे आला’ किती वेळा ऐकायचे? म्हणूनच सॉल्ट लेक सिटीने २००० मध्ये नियम केला, की कोणीतरी प्रत्यक्ष खातरजमा केल्याशिवाय नुसत्या घंटेवर पोलीस धावणार नाहीत. पाण्याकाठी तर खोट्या इशाऱ्यांचा सुकाळच. लाटांवर चमकणारा उजेड, बोटीवर फडफडणारे आच्छादन, कॅमेऱ्याच्या अवरक्त दिव्यापुढे कोळ्याने विणलेले जाळे, भिंगावर साचलेले मीठ. भिंगे पुसायला कोणी गेले नाही, तर महागडी यंत्रणाही आंधळीच.

याचा उपयोग किती? २०१९ मध्ये चाळीस वर्षांच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. कॅमेऱ्यांमुळे गुन्हे सरासरी १३ टक्क्यांनी घटल्याचे त्यात दिसले. सर्वांत चांगला परिणाम वाहनतळांवर होता आणि बोटींचे आवार हा एक प्रकारचा वाहनतळच. जिथे कॅमेऱ्यामागे माणूस सक्रिय होता, तिथे परिणाम नुसत्या चित्रणापेक्षा अधिक होता. म्हणजे हा काही रामबाण उपाय नव्हे. भक्कम कुंपण, ट्रेलरचे कुलूप, इंजिनाच्या बोल्टांचे कुलूप यांना पर्याय नाहीच.

या कहाणीचा एक धागा आपल्याकडेही येतो. अमेरिकेतील मालमत्तांवर लक्ष ठेवणारे काही नियंत्रण कक्ष भारतात आहेत. उन्हाळ्यात फ्लोरिडात रात्रीचे तीन वाजतात, तेव्हा इथे दुपारचे साडेबारा झालेले असतात. तिथल्या पहाटेचा पहारा इथे टक्क जाग्या डोळ्यांनी देता येतो.

आता आपल्या सोसायटीच्या फाटकाकडे पाहा. तिथे बारा तासांच्या पाळीवर एकच वॉचमन बसलेला असतो. समोर कॅमेऱ्यांच्या सोळा चौकटी, शिवाय फाटक उघडणे, पार्सल घेणे आणि पाण्याचा पंप सुरू करणे. चोरी झाली, की सभेत पहिला प्रश्न येतो, ‘हा काय झोपला होता?’ त्या सभेत नवे कॅमेरे मंजूर करण्याआधी पाळी आठ तासांची करता येईल का, रात्री दुसरा माणूस देता येईल का आणि मध्ये पाय मोकळे करायला वेळ मिळेल का, हे विचारून पाहावे. कॅमेऱ्याला झोप लागत नाही हे खरे, पण त्यामागचा माणूस जागा राहील अशी सोय आपल्यालाच करावी लागते.