कॉन्फरन्स गुरुवारी संपली, विमान शनिवारी: मधल्या शुक्रवारचं काय करायचं?

परदेशातल्या कॉन्फरन्सला पेपर निवडला गेला की पहिले काही महिने व्हिसा, अनुदान आणि स्लाइड्स यांतच जातात. मग तिकीट काढताना लक्षात येतं की शेवटचं सत्र गुरुवारी आहे आणि परवडणारं तिकीट शनिवारचं.

वाशिम, रिसोड, कारंजाकडच्या मुलामुलींना इथे हमखास अपराधी वाटतं. घरी सोयाबीनच्या भावाचं टेन्शन, फेलोशिप थकलेली, अन् आपण लंडनमध्ये फिरायचं? म्हणून काहीजण खोलीत बसून थीसिसचा चॅप्टर उघडतात. माझं मत स्पष्ट आहे: तो चॅप्टर वाशिमलाही लिहिता येतो. ते शहर परत दिसेलच याची खात्री नाही.

दुसरं टोक म्हणजे एका दिवसात बिग बेन, टॉवर ब्रिज, राजवाडा, सगळं उरकणं. त्यात बघणं कमी आणि धावपळ जास्त होते. त्यापेक्षा घरून निघतानाच एक प्रश्न सोबत घ्या, शक्यतो आपल्या मातीतला.

उदाहरण वाशिमचंच घेऊ. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. १९३९ मध्ये सापडलेला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट तिथूनच दिलेला आहे. याच शाखेच्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव. त्याने अजिंठ्याचं १६ क्रमांकाचं लेणं करवून घेतलं, तसा लेखच तिथे कोरलाय. आता याचा लंडनशी काय संबंध? १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या मुंबईच्या कलाशाळेतल्या (आजचं जे. जे.) विद्यार्थ्यांनी अजिंठ्याच्या चित्रांच्या मोठाल्या नकला कॅनव्हासवर केल्या. त्या लंडनला गेल्या. १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनला लागलेल्या आगीत बऱ्याच जळाल्या. त्याआधी रॉबर्ट गिल यांनी केलेल्या बहुतेक नकलाही १८६६ मध्ये लंडनमध्येच जळाल्या होत्या. ग्रिफिथ्स यांच्या वाचलेल्या नकला आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडे आहेत. मूळ चित्रं नंतर आणखी झिजली, त्यामुळे तेव्हा भिंतीवर काय दिसत होतं, याचा त्या पुरावा आहेत.

पण थांबा, लगेच तिकडे पळू नका. बहुतेक नकला भांडारात असतात. म्युझियमच्या वेबसाइटवर प्रत्येक वस्तूच्या पानावर ती मांडलेली आहे की भांडारात, हे लिहिलेलं असतं. आधी ते पाहा. अभ्यासासाठी एखादी वस्तू बघायची असेल तर बरेच आठवडे आधी ईमेल करा, कोणत्या प्रश्नासाठी ते दोन ओळींत सांगा, आणि नकार आला तर दुसरा पर्याय ठेवा. प्रवेश फुकट आहे, शुक्रवारी रात्री दहापर्यंत उघडं असतं, आणि हीथ्रोहून येणारी पिकॅडिली लाइन थेट साउथ केन्सिंग्टनला थांबते.

आता फोटोंचं. लिंडा हेन्केल या मानसशास्त्रज्ञ बाईंचा २०१४ चा अभ्यास इथे उपयोगी आहे. त्यांनी विद्यार्थ्यांना एका म्युझियममध्ये फिरवलं. काही वस्तूंचे फोटो काढायला लावले, काही नुसत्या पाहायला सांगितल्या. दुसऱ्या दिवशी विचारलं तेव्हा फोटो काढलेल्या वस्तू आणि त्यांचे तपशील कमी आठवले. गंमत अशी, की ज्यांनी वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो काढला, त्यांच्या आठवणीत अशी घट दिसली नाही. प्रयोग लहान होता, त्यावरून फोन हॉटेलात ठेवा असं मी म्हणणार नाही. पण आधी पाच मिनिटं नुसतं बघा, एखादा हात किंवा डोळा निवडा, मग त्याचाच फोटो काढा. दोन ओळी वहीत लिहा, मराठीतच.

म्युझियमला तीन तास पुरे. त्यानंतरचा वेळ अगदी रिकामा सोडा. केन्सिंग्टन गार्डन्स चालत जाण्यासारखं आहे. बाकावर बसा, लोक बघा, घरी व्हिडिओ कॉल लावा. आईला झाडं दाखवा, तिला बिग बेनपेक्षा तीच आवडतील.

मधला पूर्ण दिवस नसून फक्त नऊ तासांचा लेओव्हर असेल तर गणित वेगळं. विमानातून बाहेर यायला दीड तास, शहरात जाऊन यायला दोन, परत तीन तास आधी विमानतळावर. उरले अडीच. तेवढ्यात एकच जागा. आणि भारतीय पासपोर्टवर विमानतळाबाहेर पडायला त्या देशाचा व्हिसा लागतो का, हे तिकीट काढण्याआधीच तपासा, नंतर नाही.

शेवटचं, कंटाळवाणं पण गरजेचं. त्या मोकळ्या दिवसाची बिलं वेगळ्या पाकिटात ठेवा. अनुदान साधारणपणे कॉन्फरन्सच्या दिवसांचंच मिळतं. आणि सगळे बोर्डिंग पास जपून आणा, ऑफिसात तेच आधी मागतात.