इथेनॉलमिश्रित पेट्रोल आणि मोटारीचे इंजिन : ई-२० इंधनाच्या परिणामांचे विवेचन

सारांश

भारतात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ साली साध्य झाले. त्याच वर्षी या इंधनामुळे वाहनाचे ॲव्हरेज घटते काय आणि इंजिनाचे नुकसान होते काय, यांवर मोठी सार्वजनिक चर्चा झाली. प्रस्तुत लेखात इथेनॉलच्या भौतिक व रासायनिक गुणधर्मांच्या आधारे त्याचे ज्वलन, इंधनखप, सुटे भाग आणि उत्सर्जन यांवर होणारे परिणाम स्पष्ट केले आहेत. इथेनॉल हे स्वभावतः इंजिनास घातक अथवा हितकारक नसून, परिणामाचे स्वरूप इंधन आणि इंजिनाची रचना यांच्या मेळावर अवलंबून असते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : इथेनॉल, ई-२०, ऑक्टेन क्रमांक, हवा-इंधन गुणोत्तर, इंधनखप, क्षरण.

१. प्रस्तावना

भारतातील इथेनॉल मिश्रणाच्या कार्यक्रमाचा प्रारंभ काही अंशी महाराष्ट्रात झाला. २००१ साली हाती घेतलेल्या प्रायोगिक प्रकल्पांसाठी निवडलेल्या ठिकाणांत मिरज व मनमाड यांचा समावेश होता. जानेवारी २००३ पासून नऊ राज्ये व चार केंद्रशासित प्रदेशांत ५ टक्के मिश्रणाचे पेट्रोल विक्रीस आले. तथापि पुढील दशकभर या कार्यक्रमाची गती मंदच राहिली. २०१३-१४ या पुरवठा वर्षात मिश्रणाचे प्रत्यक्ष प्रमाण अवघे १.५३ टक्के होते.

२०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २० टक्के मिश्रणासाठी २०३० हे वर्ष निश्चित केले होते. पुढे ही मुदत २०२५-२६ पर्यंत अलीकडे आणण्यात आली. जून २०२२ मध्ये १० टक्क्यांचा टप्पा गाठला गेला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्के मिश्रणाच्या, म्हणजेच ई-२० इंधनाच्या विक्रीस आरंभ झाला. २०२५ मध्ये देशाची सरासरी २० टक्क्यांवर पोहोचली.

इंधनातील हा बदल तीन वर्षांत घडून आला. मोटार मात्र पंधरा वर्षे, प्रसंगी त्याहूनही अधिक काळ वापरात राहते. नव्या इंधनाची गती आणि जुन्या वाहनांचे आयुष्य यांतील या अंतरातच प्रस्तुत प्रश्नाचे मूळ आहे.

२. पेट्रोल व इथेनॉल : गुणधर्मांतील भेद

पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण होय, तर इथेनॉल हे एकच रासायनिक संयुग आहे. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजनचा एक अणू असतो आणि वजनाने त्याचे प्रमाण सुमारे ३५ टक्के भरते. इंजिनाच्या दृष्टीने महत्त्वाचे बहुतेक भेद या एका अणूपासून संभवतात.

रेणूत आधीच ऑक्सिजन असल्यामुळे इथेनॉलच्या ज्वलनास बाहेरील हवा कमी लागते. एक किलोग्रॅम पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा लागते. इथेनॉलला सुमारे ९ किलोग्रॅम पुरते. मात्र त्यामुळेच त्यातून मिळणारी ऊर्जाही कमी असते. एक लिटर पेट्रोलपासून साधारणतः ३२ मेगाज्यूल ऊर्जा मिळते, तर एक लिटर इथेनॉलपासून सुमारे २१ मेगाज्यूल, म्हणजे जवळजवळ दोनतृतीयांश.

याच्या जोडीला इथेनॉलचे दोन अनुकूल गुण आहेत. पहिला, त्याचा ऑक्टेन क्रमांक १०८ च्या आसपास, म्हणजे पेट्रोलहून बराच जास्त आहे. दुसरा, द्रवाचे बाष्प होताना ते पेट्रोलच्या सुमारे अडीचपट उष्णता शोषून घेते. त्यामुळे सिलिंडरमध्ये शिरणारे मिश्रण अधिक थंड व घन राहते.

३. हवा-इंधन गुणोत्तर आणि इंजिनाची जुळवणी

ई-२० इंधनासाठी आदर्श हवा-इंधन गुणोत्तर १४.७ वरून सुमारे १३.५ इतके खाली येते. म्हणजेच तेवढ्याच हवेसाठी वजनाने सुमारे ९ टक्के अधिक इंधन पुरवावे लागते. हा वाढीव पुरवठा इंजिन आपोआप करू शकते की नाही, यावर पुढील परिणाम ठरतात.

इलेक्ट्रॉनिक इंधन-अंतःक्षेपण असलेल्या मोटारीत निष्कास नळीमध्ये ऑक्सिजन संवेदक बसवलेला असतो. निष्कास वायूत ऑक्सिजन वाढल्याचे त्याने कळवताच नियंत्रक संगणक इंजेक्टर अधिक काळ उघडा ठेवतो आणि मिश्रण पूर्वपदावर येते. अशा मोटारींत ई-२० मुळे नेहमीच्या चालीत फारसा फरक जाणवत नाही, याचे कारण हेच होय. मात्र या स्वयंसुधारणेस मर्यादा आहेत. इंजिन थंड असताना आणि अनेक मोटारींत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला असता नियंत्रक संवेदकावर विसंबून न राहता आधी ठरवून दिलेल्या तक्त्यानुसार इंधन सोडतो. तो तक्ता निव्वळ पेट्रोलसाठी अथवा ई-१० साठी तयार केलेला असल्यास मिश्रण अपेक्षेहून विरळ राहते. पूर्ण भारावर काही प्रमाणात जादा इंधन सोडून निष्कास झडपा व उत्प्रेरक परिवर्तक यांचे तापमान आवाक्यात ठेवले जाते. मिश्रण विरळ झाल्यास ही सुरक्षिततेची मर्यादा आक्रसते. इथेनॉलच्या शीतलन गुणामुळे तिची अंशतः भरपाई होते.

कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या वाहनांत अशी कोणतीही सुधारणा होत नाही, कारण त्यातील जेटचे छिद्र ठरावीक मापाचे असते. निव्वळ पेट्रोलवर जुळवलेल्या कार्ब्युरेटरमध्ये ई-२० भरल्यास मिश्रण साधारणतः सात-आठ टक्क्यांनी विरळ होते. थंड इंजिन चटकन सुरू न होणे, वेग घेताना अडखळणे आणि संथ गतीत इंजिन बंद पडणे ही त्याची लक्षणे होत. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू होईपर्यंत देशातील बहुसंख्य दुचाकींना कार्ब्युरेटरच असल्यामुळे मोटारींपेक्षा दुचाकींच्या बाबतीत हा मुद्दा अधिक व्यापक ठरतो.

४. ऑक्टेन क्रमांकाविषयीचा गैरसमज

ई-२० चा ऑक्टेन क्रमांक ९५ असल्याने गाडीची शक्ती वाढते, असे विधान वारंवार केले जाते. ते अर्धसत्य आहे. ऑक्टेन क्रमांक ऊर्जेचे माप नसून, दाब व उष्णता यांमुळे इंधन अवेळी पेटण्यास किती विरोध करते याचे माप आहे. अशा अवेळी ज्वलनाने इंजिनात ठोके बसल्यासारखा आवाज येतो. त्यालाच नॉकिंग म्हणतात.

अधिक ऑक्टेनचा लाभ घ्यावयाचा तर इंजिनाचे संपीडन गुणोत्तर वाढवावे लागते किंवा ठिणगी अधिक लवकर पाडावी लागते. संपीडन गुणोत्तर हे पिस्टन व सिलिंडर यांच्या घडणीतच निश्चित झालेले असते आणि इंधन बदलल्याने ते बदलत नाही. ठिणगीची वेळ मात्र नॉक संवेदक असलेल्या मोटारीत काही अंशाने पुढे सरकू शकते. सारांश, हा गुण त्यासाठी घडवलेल्या इंजिनातच पूर्णतः फलद्रूप होतो. ९१ ऑक्टेनसाठी घडवलेल्या जुन्या इंजिनात तो बव्हंशी निरुपयोगी राहतो.

५. इंधनखप : आकड्यांतील विसंगतीचे कारण

वाहनधारक ज्यास ॲव्हरेज म्हणतात ते किती घटते, याविषयी परस्परविरोधी आकडे प्रसिद्ध झाले आहेत. त्यांची संगती लावण्यासाठी तुलना कोणत्या इंधनाशी केली आहे हे प्रथम पाहणे आवश्यक आहे.

वर दिलेल्या ऊर्जामूल्यांवरून हिशेब केल्यास एक लिटर ई-१० मध्ये सुमारे ३०.९ आणि एक लिटर ई-२० मध्ये सुमारे २९.८ मेगाज्यूल ऊर्जा असते. म्हणजे निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत ई-२० मधील ऊर्जा सुमारे ६.९ टक्क्यांनी, तर ई-१० च्या तुलनेत सुमारे ३.६ टक्क्यांनी कमी भरते. देशात २०२२ पासून ई-१० सर्वत्र रुळलेले असल्याने त्यानंतर ई-२० कडे वळलेल्या वाहनधारकाच्या अनुभवास येणारी घट दुसऱ्या आकड्याच्या जवळ जाणारी असते. घटीचा पूर्वार्ध त्याने आधीच नकळत सोसलेला असतो.

निती आयोगाच्या जून २०२१ च्या अहवालातील अंदाज या गणिताशी मिळतेजुळते आहेत. निव्वळ पेट्रोलसाठी घडवलेल्या व ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकींत ६ ते ७ टक्के, तशाच दुचाकींत ३ ते ४ टक्के, आणि ई-१० साठी घडवून ई-२० साठी जुळवलेल्या चारचाकींत १ ते २ टक्के घट त्यात अपेक्षिली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने शेवटच्या गटासाठी १ ते २ टक्के आणि इतर वाहनांसाठी ३ ते ६ टक्के असे आकडे दिले. शेवटच्या गटातील घट केवळ ऊर्जेच्या हिशेबापेक्षा कमी दिसते, कारण अशा इंजिनात ऑक्टेन व शीतलन या गुणांचा उपयोग करून घेता येतो आणि कार्यक्षमता वाढते.

याचा आर्थिक अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. लिटरला १५ किलोमीटर धावणारी मोटार वर्षाला १२,००० किलोमीटर चालवल्यास ८०० लिटर इंधन लागते. ॲव्हरेज ६ टक्क्यांनी घटल्यास हीच गरज सुमारे ८५१ लिटर होते. ग्राहक पैसे मोजतो ते लिटरवर, ऊर्जेवर नव्हे. त्यामुळे दर लिटरची किंमत ऊर्जेच्या प्रमाणात उतरली नाही, तर या ५१ लिटरांचा भार थेट त्याच्यावर पडतो आणि तो सर्वाधिक पडतो तो जुनी गाडी बदलणे न परवडणाऱ्यावर.

६. पाणी, रबर आणि धातू

इथेनॉल पाण्यात सर्व प्रमाणांत मिसळते व हवेतील आर्द्रताही शोषून घेते. थोड्या प्रमाणातील पाणी मिश्रणात विरघळलेले राहते. ई-१० मध्ये ही मर्यादा साधारण तापमानास सुमारे अर्धा टक्का आहे आणि ई-२० मध्ये ती अधिक असते. मर्यादा ओलांडली गेल्यास इथेनॉल व पाणी एकत्र येऊन टाकीच्या तळाशी वेगळा थर धरतात. इंधनपंप तळातूनच खेचत असल्याने इंजिनाकडे पेट्रोलऐवजी हा थर जातो. नियमित वापरातील वाहनात हा संभव अल्प असतो. दीर्घकाळ उभ्या असलेल्या वाहनात, पावसाळ्यात, अथवा पेट्रोल पंपाच्या भूमिगत टाकीत पाणी झिरपल्यास तो वाढतो.

रबरावरील परिणाम रबराच्या जातीनुसार भिन्न असतो. जुन्या वाहनांतील साध्या नायट्राइल रबराच्या नळ्या, सील व गॅस्केट इथेनॉलमुळे फुगतात आणि कालांतराने कडक होऊन तडकतात. फ्लोरोइलास्टोमर वर्गातील रबर यास चांगले तोंड देते. ऑगस्ट २०२५ च्या निवेदनात पेट्रोलियम मंत्रालयानेही, काही जुन्या वाहनांत २०,००० ते ३०,००० किलोमीटर वापरानंतर काही रबरी भाग व गॅस्केट बदलावे लागू शकतात, असे मान्य केले आहे. हा खर्च मोठा नसला तरी दुर्लक्षिण्याजोगाही नाही, कारण तडकलेल्या नळीतून इंधन गळाल्यास आगीचा धोका संभवतो.

धातूंच्या बाबतीत ॲल्युमिनियम, जस्त व पितळ यांचे भाग तसेच शिसे-कथिलाचा मुलामा दिलेल्या टाक्या यांना क्षरणाचा धोका अधिक असतो. पेट्रोल विद्युत्‌दुर्वाहक आहे, तर इथेनॉल, विशेषतः पाण्याचा अंश असलेले, काही प्रमाणात वीज वाहते. त्यामुळे दोन भिन्न धातू एकत्र असलेल्या ठिकाणी विद्युत्‌रासायनिक क्षरण होऊ शकते. यावर उपाय म्हणून इंधनात क्षरणरोधक द्रव्ये मिसळली जातात. याखेरीज इथेनॉल उत्तम द्रावक असल्याने जुन्या टाकीत साचलेला मळ सुटून फिल्टर तुंबण्याचा अनुभव आरंभीच्या काळात येऊ शकतो. हा दोष तात्पुरता असून फिल्टर बदलल्यावर दूर होतो.

७. उत्सर्जन

इंधनातच ऑक्सिजन असल्याने ज्वलन अधिक पूर्णत्वास जाते. निती आयोगाच्या अहवालानुसार ई-२० मुळे कार्बन मोनॉक्साइडचे उत्सर्जन दुचाकींत सुमारे ५० टक्के, चारचाकींत सुमारे ३० टक्के, तर हायड्रोकार्बनांचे सुमारे २० टक्क्यांनी घटते. नायट्रोजन ऑक्साइडांच्या बाबतीत निश्चित कल आढळला नाही. दुसऱ्या बाजूस ॲसिटाल्डिहाइडचे उत्सर्जन वाढते. शहरी हवेच्या दृष्टीने हे लाभ खरे आहेत. मात्र ते समाजास मिळतात आणि इंधनखपाचा भार वैयक्तिक असतो, हे ध्यानात ठेवावयास हवे.

८. अन्य देशांचा अनुभव

ब्राझीलचे उदाहरण या चर्चेत नेहमी दिले जाते. तेथे १९७५ साली राष्ट्रीय अल्कोहोल कार्यक्रम सुरू झाला, १९७९ मध्ये केवळ इथेनॉलवर चालणारी मोटार बाजारात आली आणि २००३ पासून कोणत्याही प्रमाणातील मिश्रणावर चालणाऱ्या फ्लेक्स-फ्युएल मोटारी विकल्या जाऊ लागल्या. मिश्रण २०१५ मध्ये २७ टक्के व ऑगस्ट २०२५ मध्ये ३० टक्के झाले. तेथील इंजिने या बदलास तोंड देतात, कारण चार दशके ती त्याच इंधनासाठी घडवली गेली आहेत. ब्राझीलच्या यशावरून भारतातील २०१० सालच्या मोटारीविषयी निष्कर्ष काढणे म्हणूनच सयुक्तिक नाही.

अमेरिकेने निराळा मार्ग स्वीकारला. तेथे १५ टक्के मिश्रणास २०१० व २०११ मधील निर्णयांनी २००१ व त्यानंतरच्या मोटारींसाठीच मान्यता देण्यात आली आणि पंपावर तशी सूचना लावणे बंधनकारक झाले. भारतातही वाहन किती टक्के मिश्रणास योग्य आहे ते दर्शवणारे लेबल उत्पादकाने लावावे, असा नियम २०२१ मध्ये करण्यात आला. मात्र ही माहिती उपयोगी पडावयाची तर पंपावर निवडीची सोय हवी. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय उपलब्ध असावा, ही मागणी करणारी जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) ई-२० साठी घडवलेल्या व जुळवलेल्या इंजिनात हे इंधन सुरक्षित असून त्यातील ऑक्टेन व शीतलन या गुणांचा प्रत्यक्ष लाभ मिळतो.

२) इंधन-अंतःक्षेपण असलेल्या परंतु ई-१० साठी घडवलेल्या मोटारींत तात्काळ बिघाडाचे कारण नाही. इंधनखपातील वाढ व रबरी भागांची झीज हे मुख्य परिणाम होत.

३) कार्ब्युरेटर असलेली व जुन्या प्रकारचे रबर वापरलेली वाहने सर्वाधिक बाधित होतात. कार्ब्युरेटरची नव्याने जुळवणी, नळ्यांची नियमित तपासणी आणि टाकीत इंधन दीर्घकाळ साचू न देणे हे त्यावरील व्यवहार्य उपाय आहेत.

४) इंधनाची किंमत त्यातील ऊर्जेशी निगडित करणे आणि मिश्रणाचे प्रमाण आणखी वाढवण्यापूर्वी वाहनांच्या आयुर्मानाशी सुसंगत असा संक्रमणकाळ ठेवणे इष्ट ठरेल.

‘इथेनॉल चांगले की वाईट’ या स्वरूपात हा प्रश्न मांडला गेल्यामुळे तो अकारण गुंतागुंतीचा झाला आहे. कोणते मिश्रण, कोणत्या वर्षीच्या इंजिनात आणि कोणाच्या खर्चाने, या तीन अंगांनी तो तपासल्यास तंत्रज्ञानाचा प्रश्न बव्हंशी सुटलेला दिसतो. खर्चाच्या न्याय्य वाटपाचा प्रश्न मात्र शिल्लक राहतो.