धक्का कोणाचा?

वाशीम जिल्ह्यांतील अनसिंगसारख्या वऱ्हाडी गांवांत कबड्डी पाहत वाढलेला मनुष्य बास्केटबॉलच्या सामन्यास बसला, कीं पंचाच्या शिटीनें बुचकळ्यांत पडतो. कबड्डींत चढाईस आलेल्या गड्यास धरून ठेवणें हाच बचाव. येथें मात्र नुसता हात लागला तरी कधीं खेळ थांबतो, आणि कधीं दोघे एकमेकांवर आदळले तरी पंच गप्प राहतो. हा लहरी कारभार नव्हे. त्यामागें एक साधें तत्त्व आहे. तेंच आज पाहूं.

१८९१ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें जेम्स नेस्मिथ यांनीं हा खेळ रचला. त्यांच्या पहिल्या १३ नियमांतच खांदा मारणें, धरणें, ढकलणें, पाय घालून पाडणें यांस बंदी होती. तरीहि दहा गडी धांवत असतां अंगास अंग लागणारच. म्हणून 'स्पर्श झाला काय?' एवढ्यावर पंच थांबत नाहीं. 'ती जागा न्यायानें कोणाची होती?' असें तो विचारतो.

प्रत्येक खेळाडूभोंवतीं एक अदृश्य, उभा दंडगोल आहे अशी कल्पना करा. त्यांतील जमीन त्याची, आणि डोक्यावरील पोकळीहि त्याचीच. अडविणारा प्रतिस्पर्ध्याकडे तोंड करून, दोन्ही पाय जमिनीस टेकून आधीं उभा राहिला, कीं त्याची जागा पक्की झाली. तेथून तो हात उभे धरून सरळ वर उडी मारूं शकतो. फेकणारा त्याच्यावर येऊन आदळला, तर दोष फेकणाऱ्याचा. मात्र तेच हात पुढें झुकून फेकणाऱ्याच्या मनगटावर पडले, तर दोष अडविणाऱ्याचा.

खरी कसोटी फेकणारा हवेंत असतां लागते. ज्याचे पाय जमिनीवर नाहींत, त्यास थांबतां येत नाहीं, वळतां येत नाहीं. म्हणून उडी घेतांना मोकळी असलेली जागा खालीं उतरेपर्यंत त्याचीच राहते. मागाहून तेथें पाय सरकविला, तर त्या पायावर उतरणाऱ्याचा घोटा मुरगळतो, प्रसंगीं गुडघाहि जायबंदी होतो. अडविणाऱ्याचा दोष ठरून फेक साधली, तर गुणांवर आणखी एक मुक्त फेक मिळते; हुकली तर दोन, आणि तीन गुणांच्या रेषेबाहेरून असल्यास तीन.

प्रेक्षकांची नजर चेंडूमागें जाते. पंचाची तशी जातां कामा नये. दोघांमधील फट दिसेल अशा कोनांत उभें राहून त्यानें आधीं अडविणाऱ्याचे पाय पाहावे, मग हात. आणि चेंडू सुटल्यावरहि फेकणारा जमिनीवर येईपर्यंत नजर काढूं नये. कोण पडला, कोण ओरडला, हा पुरावा नव्हे. किरकोळ स्पर्शानें कोणाचेंच नुकसान झालें नसेल, तर शिटी न वाजविणें हाहि न्यायच होय.

शाळेच्या मैदानावर आपली मुलगी कड्याकडे उंच झेप घेते, ती खालची जागा शाबूत राहील या भरंवशावर. तो भरंवसा राखणें हें पंचाचें काम. पुढील सामना पाहतांना क्षणभर चेंडू सोडून अडविणाऱ्याच्या पायांकडे पाहावें. निम्मे वाद तेथेंच मिटतील.