लिंबाच्या सालीतले तेल

अहिल्यानगरच्या श्रीगोंदा-कर्जत भागात कागदी लिंबाचा हिशेब बहारावर मांडला जातो. हस्त बहार साधला तर उन्हाळ्यात भाव मिळतो. आंबिया बहाराचे फळ ऐन पावसाळ्यात एकदम बाजारात उतरते आणि तोडणीची मजुरी सुटणेही अवघड होते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘साई सरबती’ हा वाण दिला, तोही रसाळ आणि खैऱ्या, ट्रिस्टेझा या रोगांपुढे टिकणारा म्हणून. सगळी चर्चा रसाची. या फळातले सर्वांत विलक्षण रसायन मात्र सालीत आहे, आणि रस पिळून झाला की ते उकिरड्यावर जाते.

पणतीच्या ज्योतीजवळ लिंबाची ताजी साल दुमडून दाबली की बारीक ठिणग्या उडतात. सालीतल्या इवल्या पिशव्यांमधले तेल पेट घेते. त्यात निम्म्याच्या आसपास असते लिमोनीन. पाच कार्बनांच्या आयसोप्रीनचे दोन तुकडे जोडल्यासारखी त्याची रचना. अशा रचनेच्या टर्पीन घराण्याचा गुंता सोडवणाऱ्या ऑटो वालाख यांना १९१० चे नोबेल मिळाले. लिमोनीनच्या जोडीला बीटा-पायनीन, गॅमा-टर्पिनीन आणि थोडे सिट्राल. प्रमाणाने थोडे, पण लिंबाच्या ओळखीच्या वासात मोठा वाटा त्याचा. गवती चहाच्या तेलात हेच सिट्राल ७० ते ८० टक्के असते.

माझ्या मते तेलात काय आहे याइतकेच ते कसे काढले हेही महत्त्वाचे. लिमोनीन १७६ अंश सेल्सिअसला उकळते, पण वाफेच्या सोबतीने शंभराच्या आतच बाहेर पडते. आंबट रसासकट ऊर्ध्वपातन केले तर आम्लामुळे सिट्राल घटते, अल्फा-टर्पिनिऑल वाढते; कोला पेयांच्या चवीत हे तेल असते. साल थंडच दाबली तर मात्र सहज न उडणारे जड घटकही तेलात उतरतात. त्यातले बर्गॅप्टेन त्वचेवर असताना ऊन लागले की भाजल्यासारखे फोड येतात, मागे काळे डाग राहतात. पांढऱ्या डागांवरच्या बावचीतले सोरालेन याच कुळातले, तेही उन्हानेच काम करते. म्हणून सुगंध उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनी त्वचेवर राहणाऱ्या उत्पादनांत थंड दाबलेल्या लिंबूतेलाची मर्यादा ०.७ टक्के ठेवली आहे. चेहऱ्याला लिंबू चोळून उन्हात जाणाऱ्या मुलींना हे कुणीतरी सांगायला हवे.

अशा सुगंधी तेलांचे औषधी गुण खोटे नाहीत. लवंगेतले युजेनॉल दंतवैद्य रोज वापरतात. पुदिन्याच्या जातीतल्या पेपरमिंटचे तेल कॅप्सूलमधून दिल्यास आतड्याच्या मुरड्याला आराम पडतो. जपानी डॉक्टरांनी लिमोनीन नळीने थेट पित्ताशयात सोडून कोलेस्टेरॉलचे खडे विरघळवले. लिंबूपाणी पिऊन तसे होत नाही. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत तेलाने जंतू मरतात म्हणजे शरीरातला रोग बरा होतो, असेही नाही. शिवाय उघड्या बाटलीतले लिमोनीन हवेने ऑक्सिडीकृत होते आणि जुने तेल त्वचेला ॲलर्जी आणू शकते. याच टर्पीन घराण्यातला कापूर तर लहान मुलाच्या पोटात गेला की झटके येतात.

अहिल्यानगरच्या पावसाळी लिंबातून तेल काढण्याचे लहान उद्योग जरूर उभे राहावेत. पण बाटलीवर तेल काढण्याची पद्धत आणि तारीख छापलेली नसेल, तर वाचकहो, ते तेल अंगाला लावू नका.