डिस्क रिकामी, तरी ‘जागा नाही’!

समजा, एका रुग्णालयाच्या जुन्या सर्व्हरवर प्रत्येक रुग्णासाठी एक फोल्डर आहे. अनेक वर्षे सारे सुरळीत चालते. मग एके दिवशी नव्या रुग्णाचा फोल्डर तयारच होत नाही. डिस्क निम्मी रिकामी असते. मग अडते कुठे?

अडते ते फाइल सिस्टिममध्ये. डिस्कवर कोणती फाइल कुठे ठेवली आहे, याचा हिशेब ठेवणारी ही व्यवस्था. लिनक्स सर्व्हरवर पूर्वी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘ईएक्सटी-3’ या फाइल सिस्टिममध्ये एका फोल्डरच्या आत जास्तीत जास्त 31,998 उपफोल्डर मावतात. त्यापुढच्या रुग्णाला जागा नाही! अशा वेळी मोठी डिस्क बसवून उपयोग होत नाही.

दुसरी मर्यादा ‘आयनोड’ची. ग्रंथालयात प्रत्येक पुस्तकाचे एक कार्ड असते, तसा प्रत्येक फाइलचा एक आयनोड असतो. कपाटे रिकामी असली, तरी कार्डे संपली की नवे पुस्तक नोंदवता येत नाही. ‘ईएक्सटी-4’मध्येही ही कार्डे डिस्क तयार करतानाच ठरतात, साधारणपणे 16 किलोबाइटमागे एक. म्हणजे सगळ्या फाइल 4 किलोबाइटच्या असतील, तर डिस्क जेमतेम पाव भरताच कार्डे संपतात आणि ‘जागा शिल्लक नाही’ असा संदेश येतो.

तिसरी मर्यादा बॅकअपच्या वेळी भेटते. ‘फॅट-32’ पद्धतीच्या पेन ड्राइव्हवर 4 जीबीची एक अखंड फाइल मावत नाही, मग ड्राइव्ह 64 जीबीचा का असेना.

अशा मर्यादा किती महागात पडतात, हे ब्रिटनने 2020 मध्ये अनुभवले. तेथे कोरोना चाचण्यांचे निकाल एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये भरले जात होते. त्यात 65,536 ओळीच मावतात. परिणामी 15,841 बाधितांची नोंद वेळेत झाली नाही आणि त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोधही लांबला. तिथे मर्यादा फाइलच्या प्रकाराची होती, पण धडा तोच.

सर्व्हर लगेच बदलणे शक्य नसेल तर काय करावे? आधी बॅकअप घ्यावा आणि त्यातली एखादी फाइल उघडून पाहावी. न तपासलेला बॅकअप ऐनवेळी दगा देऊ शकतो. मग रिकाम्या जागेबरोबर शिल्लक आयनोडही तपासावेत. ‘डीएफ’ या आज्ञेला ‘-आय’ जोडले की आकडा समोर येतो. प्रोग्रामने मागे सोडलेल्या लाखो तात्पुरत्या फाइल काढून टाकाव्यात. जुन्या लहान फाइल एका संग्रह-फाइलमध्ये बांधाव्यात. हजार कार्डांचे काम एका कार्डात होते. सर्व रुग्ण एकाच फोल्डरमध्ये न ठेवता वर्ष, महिना अशी विभागणी करावी. मात्र फोल्डर हलवण्यापूर्वी सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याशी बोलावे, नाहीतर प्रोग्रामला जुने अहवाल सापडणार नाहीत.

कायमचा उपाय म्हणजे नव्या फाइल सिस्टिमवर जाणे. ‘एक्सएफएस’मध्ये आयनोड गरजेप्रमाणे तयार होतात. तोवर महिन्यातून एकदा हे आकडे पाहायला पाच मिनिटे पुरतात. रुग्ण दारात असताना त्याचा जुना अहवाल शोधत बसण्यापेक्षा ती पाच मिनिटे स्वस्त आहेत.